प्रलोभनाचे मूळ

प्रलोभन या अर्थी इंग्रजीत सामान्यतः 'टेम्प्टेशन' हा शब्द योजतात. त्याचे मूळ लॅटिन असून त्यात चाचपून पाहणे, कसोटी घेणे हा अर्थ आहे. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ईश्वर अब्राहामाला 'टेम्प्ट' करतो. तेथे त्याची परीक्षा पाहणे एवढेच अभिप्रेत आहे. याच अर्थाचा, परंतु बोलण्यात क्वचित येणारा दुसरा शब्द म्हणजे 'ॲल्युअरमेंट'. साधकाने मनन करावे असा तो आहे.

हा शब्द 'लूअर' या शब्दावरून आला, आणि लूअर ही ससाणे पाळणाऱ्यांची वस्तू होय. चामड्याला पक्ष्याची पिसे बांधतात, त्यावर मांसाचा तुकडा लावतात आणि दोरीने ते गरगर फिरवितात. आकाशात मोकळा उडणारा ससाणा ते पाहताच खाली झेपावतो व धन्याच्या हाती लागतो. आपल्या देशातही ही विद्या होती. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ याच विषयावर रचला, आणि त्यात व्यसनांचा विचारही केला.

आता प्रश्न असा की, ससाण्याला खाली आणते कोण? दोरी तर त्याच्या पायाला नसते. पिसांनाही स्वतःचे बळ नाही. धन्याने पूर्वी त्याच आमिषावर त्याला वारंवार घास दिलेला असतो. ती सवय आणि पोटातील भूक, ही दोनच त्याला खेचतात. संस्कृतातील 'लुभ्' धातू हेच सांगतो. दिवादि गणात त्याचा अर्थ हाव, तर तुदादि गणात विमोहन. हाव आतली, बुद्धीचा गोंधळ हे तिचे फळ.

एखादा सज्जन अधिकारी दिवाळीला आलेली मिठाईची पेटी सहज ठेवून घेतो. पुढील वर्षी पेटीसोबत वस्त्र येते, त्यानंतर पाकीट येते. पाकिटाच्या दिवशी तो स्वतःशी झगडतो खरा, परंतु झगडण्याची वेळ पेटीच्या दिवशीच होती. तेव्हा 'नको' म्हणणे सोपे होते. आता मुलांना त्या पेटीची आणि त्याला त्या मानाची सवय जडलेली असते. पाकीट देणारा दोषी आहेच. तथापि त्याच्या दोषाने घेणाऱ्याचा दोष तिळमात्र कमी होत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अधःपाताची परंपरा सांगितली, तिचा आरंभ विषयांच्या चिंतनापासून केला. बुद्धिनाश अगदी शेवटी येतो. पहिली कडी कोवळी असते, म्हणून तीच तोडावी. ससाण्याला हे कळत नाही; तो निर्दोष आहे. मनुष्याला कळते. म्हणूनच गृहस्थाने समोर फिरणाऱ्या आमिषाकडे बोट दाखविण्यापूर्वी, आपण कोणाच्या हातून कोणता घास खाण्याची सवय लावून घेत आहोत, हे रोज एकदा पाहावे.