मंडळाची खोली आणि बाटली

आमच्या गावच्या क्रीडामंडळाची खोली दहा बाय बाराची आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सुपारीच्या वाडीला पाठ लावून ती उभी आहे. भिंतीवर कबड्डीच्या ढाली, कोपऱ्यात बजरंगबलीची तसबीर, आणि हवेत बारमाही एकच वास : घामाचा आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा.

गेल्या फाल्गुनात या खोलीत सभा भरली. विषय एकच होता. तालुक्यातली एक स्पर्धा जिंकून पोरे परतली, त्या रात्री कुणा हौशी देणगीदाराने बिअरचा खोका खोलीत आणून ठेवला. तो तिथेच फुटला. आणि सकाळी झाडायला येणाऱ्या काकूंनी बाटल्या मोजून साऱ्या आळीला आकडा सांगितला. आता खोलीत दारू चालू द्यावी की नाही, याचा निकाल मंडळाने करावा असे ठरले. माझे खेळण्याचे दिवस सरून तीस-पस्तीस वर्षे झाली. तरी जुना खेळाडू म्हणून मला बोलावणे आले. जुना माणूस काय बोलणार हे सर्वांना आधीच ठाऊक असल्यामुळे मला कोणी काही विचारले मात्र नाही. सभेत राहून गेलेले ते भाषण आता वाचकांच्या फराळाच्या ताटात वाढीत आहे. कडू लागल्यास चकलीचा तुकडा मोडावा.

प्रथम एक कबुली. मी सोवळा नाही. या किनाऱ्यावर नारळीला मडके बांधण्याची कला भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पहाटे उतरवलेली नीरा गोड, आणि ऊन चढले की तिचीच माडी होते. पुण्य आणि पाप यांच्यात अंतर चार घटकांचे. कोळीवाड्यात हळदीला बाटली निघते, काही ठिकाणी राखणदारालाही तिचा मान असतो. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, तेव्हाही दारू गेली नाही. अंगणातून उठून खाडीच्या कडेला जाऊन बसली एवढेच. तेव्हा दारू वाईट की चांगली, हा वाद मी घालणार नाही. प्रश्न खोलीचा आहे.

सभेत पहिला मुद्दा निघाला तो प्रकृतीचा. चढाईला गेलेल्या गड्याला तीस सेकंद दम धरायचा असतो, आणि दारूने दम जातो. खरे आहे. पण दम रात्रीच्या जागरणाने जातो, तळलेल्या भज्यांनीही जातो; खोलीत भजी आणू नयेत असा ठराव कुणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खेळांतल्या निषिद्ध द्रव्यांची जी जागतिक यादी असते, तीत पूर्वी धनुर्विद्या, मोटारशर्यत अशा थोड्या खेळांपुरते, स्पर्धेच्या वेळी, मद्य निषिद्ध होते. २०१८ पासून तेही यादीतून गेले आणि त्याची काळजी त्या त्या खेळाच्या संघटनेवर सोपवण्यात आली. प्रकृतीचा मुद्दा मास्तरांना शोभतो; पोरे त्यावर माना डोलावतात आणि करायचे तेच करतात.

मग एका शिकलेल्या पोराने अमेरिकेचा दाखला दिला, आणि तो मला विचार करण्यासारखा वाटला. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. सामना संपल्यावर संघाच्या खोलीत बिअर पिण्याची तिथली प्रथा जुनी. सेंट लुईस शहराच्या कार्डिनल्स संघाची मालकी तर १९९६ पर्यंत एका बिअरच्या कारखान्याकडेच होती, आणि मैदानाला अजूनही त्याच घराण्याचे नाव आहे. या संघाचा जॉश हॅनकॉक हा २९ वर्षांचा खेळाडू २००७ च्या एप्रिलमध्ये रात्री मोटार हाकताना, बंद पडलेल्या एका गाडीच्या मदतीला थांबलेल्या ट्रकवर आदळून मेला. त्याच्या रक्तात कायद्याने चालते त्याच्या जवळजवळ दुप्पट मद्य निघाले. त्यानंतर संघाने आपल्या खोलीत मद्यबंदी केली. पण हॅनकॉक त्या रात्री खोलीत प्यालाच नव्हता. तो बाहेर, हॉटेलात प्याला होता! पुढे बोस्टनच्या संघाचा २०११ साली दारुण पाडाव झाला, तेव्हा आपली पाळी नसलेले काही खेळाडू सामना चालू असताना आत बसून बिअर पीत आणि तळलेली कोंबडी खात, असा गवगवा झाला. २०१२ मध्ये तिथेही बंदी आली. ती बिअरवर आली, कोंबडीवर नव्हे. माझ्या भज्यांना तिथेही कुणी हात लावला नाही.

पोराचे म्हणणे असे : “तात्या, खोलीत बंदी करून तो वाचला असता का? उलट खोलीत पितात तेव्हा चारचौघांच्या नजरेत तरी असतात. इथे नाही म्हणाल तर किनाऱ्यावर सुरूच्या बनात जातील, आणि तिथून मोटारसायकलवर घरी.” या मुद्द्याला सभेत उत्तर मिळाले नाही. माझ्याकडेही पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. आमच्या रस्त्याची वळणे ज्यांनी रात्री पाहिली आहेत त्यांना या मुद्द्याचे वजन सांगायला नको.

तथापि ‘नजरेत असतात’ म्हणजे कुणाच्या नजरेत? इथे मला एक जुना खटला आठवतो. दारूबंदीच्या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ न्यायालयात गेले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या कायद्यात सैन्याच्या व आरमाराच्या भोजनगृहांना सवलत ठेवलेली होती. सामान्य नागरिकाला एक न्याय आणि सैनिकाला दुसरा, हा पक्षपात नव्हे काय? न्यायालयाने म्हटले, नव्हे. कारण सैन्याला स्वतःच्या परंपरा आहेत आणि दीर्घ अनुभवातून घडलेली स्वतःची नियमावली आहे. मला हे म्हणणे पटते. बंद खोलीत मद्य चालू द्यायचे तर त्या खोलीत बाटलीपेक्षा मोठे काहीतरी राज्य करीत असले पाहिजे. आमच्या खोलीत राज्य करतो तो कर्णधार तेवीस वर्षांचा आहे, आणि त्या रात्री बाटल्यांची बुचे तोच काढीत होता. शिवाय आपल्या राज्यात बिअरला एकवीस वर्षे पुरी लागतात, कडक दारूला पंचवीस. आमच्या संघातली निम्मी पोरे अजून त्या उंबऱ्याच्या अलीकडे आहेत. कायद्याने हा प्रश्न निम्मा सोडवलेलाच आहे. पण सभेत वये कुणी काढली नाहीत.

आता जे मला खरोखर बोलायचे होते ते. खेळाडूंच्या खोलीत काय पितात याला आपल्या मुलखात एक कडू इतिहास आहे. पाळवणकर बाळू हा आपला पहिला थोर फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात खेळत असता, चर्मकार म्हणून त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. इतर गडी आत चिनी मातीच्या कपांतून पीत. पेय चहाच होते, निरुपद्रवी. त्या कपाने कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरत होते. याउलट २०२२ च्या जानेवारीत होबार्टला ऑस्ट्रेलियाने ॲशेस मालिका ४-० अशी संपवली, तेव्हा मद्याच्या फवाऱ्यांना वाट देऊन उस्मान ख्वाजा हा मुसलमान खेळाडू व्यासपीठावरून बाजूला झाला. कर्णधार पॅट कमिन्सने ते पाहिले, बाटल्या खाली ठेवायला लावल्या आणि त्याला वर बोलावले. त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली नाही की कुणाला उपदेश केला नाही. कोण खाली उभा आहे हे त्याला दिसले.

मला दिसले होते, आणि मी बोललो नाही. आमच्या संघात एक कोपरारक्षक आहे. त्याची पकड सुटलेली मी क्वचित पाहिली. त्याचा बाप दारूने गेला, आणि तो कसा गेला हे त्या पोराने घरात बसून पाहिले आहे. खोका फुटला त्या रात्री त्याने ढाल खिळ्याला अडकवली आणि कुणाला न सांगता निघून गेला. नंतर तो सरावाला थेट मैदानावर येई. कपडे वाडीच्या गडग्याआड बदली. त्याला कुणी हाकलले नव्हते. कुणी ‘घे रे’ म्हणून आग्रहही केला नव्हता, केला असेल तर थट्टेत. पण जी खोली त्याच्या पकडींनी ढालींनी भरली, तीत त्याला शर्ट बदलायला जागा उरली नाही. सभेला तो दाराशी उभा होता. त्याचे मत विचारावे असे मलाही सुचले नाही. काकूंचे तर नाहीच नाही. गावातले दारूचे दुकान आडवे करण्याचा हक्क बायकांना सरकारने २००८ साली मतपेटीतून दिला, पण मंडळाच्या सभेला बाई बोलावण्याची आमच्याकडे चाल नाही.

ठराव झाला : खोलीत बाटली नको. हात सहज वर गेले, कारण पोरांना सुरूचे बन ठाऊक होते.

वैशाखात पुन्हा ढाल आली. पोरे बनात गेली. मी गावातल्या टेम्पोवाल्याला घेऊन रस्त्यावर बसलो. रात्री दीडला आठ पोरे आणि तीन मोटारसायकली एकावर एक घालून घरोघर पोचवल्या. काही जणांनी मला शिव्या दिल्या, त्या मी वयोमानाने ऐकल्या नाहीत. कोपरारक्षक त्या दिवशी खोलीत आला होता. कोपऱ्यात बसून गुडघ्याला मलम चोळीत होता. टेम्पोचे भाडे मंडळाच्या कोणत्या खात्यावर टाकायचे, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.