मोटारीचा योगक्षेम

पुण्यामुंबईकडील मध्यम स्थितींतील कुटुंबांत अलीकडे एक नवाच वाद ऐकूं येतो. आठदहा वर्षें वापरलेली जर्मन बनावटीची मोठी मोटार, ती मर्सिडीझ-बेंझ असो वा बी. एम्. डब्ल्यू. असो, आतां नव्या लहान गाडीच्या किमतीस मिळूं लागली आहे. घरांतील तरुण मंडळी विचारतात, एवढ्या पैशांत एवढें वैभव दुसरें कोणतें मिळणार? वडील मंडळी म्हणतात, हत्ती स्वस्त मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाहीं. दोन्ही बाजू आपापल्या परीनें खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा वाद जमाखर्चाच्या वहींत मिटत नाहीं. जी वस्तु उत्तम आहे पण भरंवशाची नाहीं, तिच्याशीं आपलें नातें काय असावें, आणि ती भरंवशाची नसण्याचा दोष कोणाच्या पदरीं बांधावा, असा हा प्रश्न आहे. आणि तो आमच्या मतें हिशेबाचा नसून नीतीचा आहे.

प्रथम तरुणांच्या बाजूस न्याय दिला पाहिजे. या गाड्यांची हौस म्हणजे निव्वळ डामडौल, असें म्हणून विषय झटकून टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. तींत विचारापेक्षां आळस अधिक. जर्मनींतील हमरस्त्यांवर पुष्कळ ठिकाणीं वेगाला कायद्याची मर्यादाच नाहीं. अशा रस्त्यावर तासन्‌तास धांवण्यासाठीं जें यंत्र रचलेलें असतें, त्याच्या चाकांची पकड, ब्रेकांची ताकद आणि सुकाणूचा नेमकेपणा हीं कांहीं दिखाऊ भूषणें नव्हेत. १९९५ सालीं पुण्याजवळ पिंपरीस टेल्कोच्या आवारांत मर्सिडीझची ई-वर्गाची गाडी जुळवूं लागले, तेव्हांपासून हें कौशल्य आपल्या दाराशींच आलेलें आहे. चांगल्या कारागिरीवर लोभ जडणें हा दुर्गुण असेल, तर चांगला तंबोरा जपणाऱ्या गवयालाहि आपण दोषी ठरविलें पाहिजे.

परंतु गुण आणि भरंवसा हे एकमेकांचे जामीन नव्हत. जो घोडा सर्वांत जलद तोच सर्वांत शहाणा, असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय भरंवसा मोजावयाचा तरी कसा? अमेरिकेंतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षें वापरलेल्या मोटारींच्या मालकांस विचारून दर शंभर गाड्यांमागें किती तक्रारी निघाल्या याची गणती प्रसिद्ध करीत असते. ही गणती निरुपयोगी नाहीं. पण तींत दूरध्वनीशीं न जुळणारा रेडिओ ही एक तक्रार, आणि मोडलेली गिअरपेटी हीहि एकच तक्रार. आणि तीन वर्षांच्या गाडीचा हा दाखला आठ वर्षांची गाडी घेणाऱ्या गृहस्थाच्या काय कामाचा? मुलाच्या बारशाच्या दिवशीं त्याच्या म्हातारपणच्या प्रकृतीची ग्वाही देण्यासारखेंच तें आहे.

मोटारीच्या इतिहासांतील पहिला लांबचा प्रवासच पाहा. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनीं आपल्या दोघां मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टस्‌हाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा पल्ला पतीच्या तीनचाकी गाडींतून गांठला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंधाचें वेष्टण दिलें. ब्रेकाची लांकडी ठोकळी झिजली, तेव्हां एका चांभाराकडून तीवर चामडें ठोकवून घेतलें. इंधन संपलें तें वीसलोख गांवच्या औषधविक्याकडून विकत घेतलें. आजच्या कोणत्याहि मोजणीनें ती गाडी अत्यंत बेभरंवशाची ठरेल. तथापि त्या प्रवासानेंच मोटारीवर लोकांचा विश्वास बसूं लागला. याचें कारण उघड आहे. तेथें दोष झाला तर तो डोळ्यांना दिसत होता आणि हाताला सांपडत होता. मालकीण केवळ किंमतीनें मालकीण नव्हती. यंत्राच्या आंतबाहेर तिची सत्ता चालत होती.

दुसरें उदाहरण ग्रीस देशांतील. थेसालोनिकी येथील ग्रेगोरिओस साखिनीदिस या टॅक्सीवाल्याची १९७६ सालची मर्सिडीझ ४६ लक्ष किलोमीटर चालून २००४ सालीं कंपनीच्या संग्रहालयांत जाऊन बसली. जर्मन गाडी अमर असते याचा पुरावा म्हणून ही गोष्ट नेहमीं सांगितली जाते. सांगणारे एवढें मात्र गाळतात कीं, त्या अवधींत तिचें इंजिन अनेकदां उतरवून दुसरें चढविलेलें होतें. (इंजिन बदलल्यावर ती 'तीच' गाडी राहिली काय, हा वाद तार्किकांनीं खुशाल घालावा.) आम्हांला त्यांत यंत्राच्या अमरत्वापेक्षां माणसाचा सांभाळ दिसतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं योगक्षेम या एका शब्दांत दोन गोष्टी फार मार्मिकपणें जोडल्या आहेत: न मिळालेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. हल्लींचा व्यापार योग विकतो आणि क्षेमाविषयीं मौन धरतो. जुनी जर्मन गाडी स्वस्त मिळते याचा अर्थ तिचा योग स्वस्त झाला, इतकाच. क्षेमाचा भाव जेथल्या तेथें असतो. कारण सुट्या भागांची किंमत गाडीच्या मूळच्या किमतीच्या मानानें ठरलेली असते, तिच्या आजच्या मोलाच्या मानानें नव्हे.

यंत्र बिघडतें याबद्दल कारखानदारास सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. रबर वाळतें, प्लॅस्टिक ठिसूळ होतें, आणि उष्णतेनें हें अधिक लवकर होतें. हा सृष्टिनियम आहे. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील मर्सिडीझ गाड्यांत इंजिनाजवळच्या तारांचें वेष्टण कालांतरानें भुगा होऊन गळूं लागलें. तेथें लबाडी नव्हती, सामग्रीची निवड चुकली. २००२ सालीं आलेल्या ई-वर्गाच्या गाडींत ब्रेकाचा दाब विजेच्या पंपानें देण्याची नवी योजना होती. पंपानें कितीदां काम केलें याची मोजदाद यंत्र स्वतःच ठेवी, आणि ठरलेला आंकडा भरला कीं तशी सूचना चालकापुढें लावी. या ब्रेकांपायीं २००४ सालीं सुमारें ६ लक्ष ८० हजार गाड्या तपासणीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. पुढल्या वर्षीं विजेच्या आणि ब्रेकांच्या निरनिराळ्या दोषांसाठीं आणखी १३ लक्ष गाड्या बोलावल्या गेल्या, आणि थोडक्याच काळांत कंपनीनें त्या वर्गांतून ती योजनाच काढून घेतली. नामुष्की मोठी खरी. पण चारचौघांत दिलेली ती कबुलीहि होती. जें यंत्र आपले दिवस मोजून सांगतें, त्याला बेभरंवशाचें म्हणतांना आमची जीभ थोडी अडखळते.

खरी अडचण याहून लहान आणि दिसण्यांत निरुपद्रवी अशा एका शब्दांत आहे. बी. एम्. डब्ल्यू.च्या पुष्कळ गाड्यांच्या स्वयंचलित गिअरपेटींतील तेल 'आजन्म' पुरणारें आहे, तें बदलण्याचें कारण नाहीं, असें खरेदीदारांस सांगण्यांत आलें. यांतील अनेक पेट्या बनविणारी फ्रीड्रिख्सहाफेन येथील झेड्. एफ्. ही कंपनी मात्र ८० हजार ते १ लक्ष २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनीं, तेल बदलावें असें सुचविते. एकाच पेटीविषयीं हीं दोन वचनें. दोन्ही खरीं धरावयाचीं, तर 'आजन्म' म्हणजे कोणाच्या जन्मापुरतें हा प्रश्न उरतो. गाडीच्या, कीं पहिल्या मालकाच्या मालकीच्या?

याचें उत्तर जर्मनींतील बाजारपेठेंत सांपडतें. तेथें निम्म्याहून अधिक नव्या मोटारी व्यक्तींच्या नव्हे, तर व्यवसायांच्या व कंपन्यांच्या नांवावर नोंदल्या जातात, आणि दोनतीन वर्षांच्या करारानंतर परत जातात. अशा गिऱ्हाइकास देखभालीचा खर्च कमी दिसावा हें विक्रेत्याच्या हिताचें. तेल बदलण्याचा रकाना कोरा राहिला कीं कोष्टक सुंदर दिसतें. त्या कोऱ्या रकान्याचें देणें मात्र तिसऱ्याचौथ्या मालकाकडे सरकत जातें, आणि त्या मालकाशीं कारखान्याचा कधीं बोलण्याचाहि प्रसंग येत नाहीं.

यावर कारखानदाराचा पक्ष असा मांडतां येईल कीं, ज्याच्याशीं करार झाला त्याच्यापुरतेंच आमचें कर्तव्य. जुनी गाडी घेणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावे. कायद्याच्या दृष्टीनें हें बहुधा टिकेल. नीतीच्या दृष्टीनें तें आम्हांस पटत नाहीं. कारण नव्या गाडीचा विक्रेता पहिल्या गिऱ्हाइकास जें विकतो, त्यांत 'विकतांना किंमत चांगली येईल' हेंहि एक आश्वासन असतेंच. म्हणजे ज्या पुढल्या खरेदीदाराच्या विश्वासावर आज धंदा चालतो, त्याच्याविषयीं उद्यां आपण ओळख दाखविणार नाहीं, असें हें म्हणणें आहे. पुढल्या माणसाच्या भरंवशाचा उपयोग करावयाचा आणि त्या भरंवशास उत्तरदायी मात्र व्हावयाचें नाहीं, हा व्यवहार सावकारी पेढीवरहि आपण निंद्य मानला असता.

तथापि सर्व बोटें स्टुटगार्ट आणि म्यूनिककडे दाखवून आपणांस सुटतां यावयाचें नाहीं. हेंच देणें पुढें सरकविण्याची कला आपल्या गल्लींतहि चांगली अवगत आहे. गाडी विकावयाच्या आदल्या दिवशीं मिस्त्र्याकडून यंत्र लावून दोषाचा दिवा पुसून घेणारे, गळक्या नळीखालची जागा धुऊन घेणारे आणि 'आम्हांला तर कधीं त्रास झाला नाहीं' असें अर्धसत्य शांतपणें सांगणारे गृहस्थ एरवीं सभ्यच असतात. घरीं ते मुलांना खरें बोलावयास शिकवितात. फक्त मोटारीच्या व्यवहारांत, आपण फसलों तर दुसऱ्यास फसविण्याचा हक्क उत्पन्न होतो, अशी त्यांची समजूत असते.

तर मग त्या कुटुंबानें गाडी घ्यावी कीं न घ्यावी? आमचें उत्तर सरळ आहे. किंमत दिल्यानंतर तिच्या निम्मी तरी रक्कम ज्याला तोंड वाईट न करतां बाजूस ठेवतां येते, आणि ज्याच्या ओळखीचा एखादा जाणता मिस्त्री आहे, त्यानें ती खुशाल घ्यावी. तिच्या गुणांचा उपभोग घेण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याला किंमत भरतांना शेवटचा रुपया मोजावा लागतो त्यानें ती घेऊं नये. गरिबीला वैभव शोभत नाहीं अशा जुनाट कारणासाठीं आम्ही हें म्हणत नाहीं. अशा घरांत पहिला मोठा बिघाड झाला कीं तो मुलाच्या शुल्कांतून किंवा आईच्या औषधांतून भरला जातो, आणि तो भरतांना ज्यांना विचारलें जात नाहीं त्यांनीं ही गाडी कधीं मागितलेलीच नसते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त इंजिनिअरांनीं आपली बारा वर्षांची जर्मन गाडी विकतांना आजवरच्या दुरुस्त्यांचीं बिलें तारीखवार लावून दिलीं. शिवाय पुढील दोन वर्षांत काय काय बदलावें लागेल याची एक यादी, अंदाजी किंमतींसह, स्वहस्तें लिहून त्यांत जोडली. गिऱ्हाइकानें ती यादी दोनदां वाचली आणि किंमत कमी करून मागितली. त्यांनीं ती कमी केली, आणि गाडी त्याच गिऱ्हाइकानें नेली.