शेजाऱ्याची निवडणूक आणि आपला संताप

५ नोव्हेंबर २०२४ रोजीं अमेरिकेंत निवडणूक झाली आणि डोनाल्ड ट्रंप अध्यक्ष म्हणून निवडून आले. शेजारच्या कॅनडाला त्या निवडणुकींत मत नव्हतें. फळ मात्र त्याच्याही वांट्यास आलें. कॅनडा हें अमेरिकेचें एक्कावन्नावें राज्य व्हावें, ही ट्रंप यांची भाषा आणि जोडीला जकातीचा बडगा यांमुळें तो देश खवळून उठला. २०२५ च्या फेब्रुवारींत तेथें आइस हॉकीच्या सामन्यांपूर्वीं प्रेक्षकांनीं अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडविली. मार्चमध्यें ऑन्टॅरिओ प्रांतानें आपल्या सरकारी दुकानांतून अमेरिकन मद्य काढून टाकलें.

हा संताप अकारण होता असें कोण म्हणेल? परंतु तो नेमका कोणावर असावा? ट्रंप यांस शेंकडा पन्नासांहून किंचित् कमी मतें मिळालीं, तर कमला हॅरिस यांस शेंकडा ४८ हून अधिक. राष्ट्रगीत मात्र दोन्ही पक्षांच्या मतदारांचें एकच !

लोकशाहींत निर्णय साऱ्या राष्ट्राचा मानला जातो. म्हणून त्याची झळ विरोधी मत देणारासही सोसावी लागते. तथापि झळ सोसणें निराळें आणि दोषी ठरणें निराळें. बहिष्काराच्या पाठीशीं कांहीं मागणी असते. ती पुरी झाली कीं तो उठवितां येतो. अपमानाची मागणी कोणती? सरकारें बदलतात, शेजार बदलत नाहीं. म्हणून शेजाऱ्याच्या सरकाराशीं खुशाल झगडावें. त्याच्या प्रजेशीं उद्यां बोलतां येईल, इतकी जागा मनांत राखावी.