एका दिवसाचा पाहुणा

परक्या गावाकडे केवळ पाहण्याची वस्तू म्हणून पाहावे काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांस फारसा पडला नसावा. यात्रेकरू देवासाठी जाई, व्यापारी मालासाठी, सोयरा सोयरिकीसाठी; ‘खेडे कसे असते’ एवढेच पाहावे म्हणून कोणी गाडी जुंपीत नसे. सांप्रत सकाळी शहरातून बस निघते, वाटाड्या वाटेतील स्थळांची माहिती सांगतो, दोनप्रहरी पिठले-भाकरीचे जेवण होते आणि दिवेलागणीपर्यंत मंडळी ‘अस्सल खेडे’ पाहून घरी परततात. यात वावगे काय, असे कोणी विचारील. सकृद्दर्शनी काहीच नाही.

अशाच एका सहलीत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसह हिंगोली जिल्ह्यात हिंडलो. औंढ्याला नागनाथाचे देऊळ पाहिले. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले आणि नंदी मागेच राहिला, ही कथा वाटाड्याने मोठ्या रंगात सांगितली. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जिला मानते त्या नरसीस गेलो. तेथे पंजाबातून येणारे शीख यात्रेकरूही माथा टेकतात, कारण नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. या दोन्ही ठिकाणी आम्हांस संकोच वाटला नाही. देवळाचे दार सर्वांसाठीच उघडे असते. संकोच वाटला तो कळमनुरीच्या बाजूच्या एका लहानशा गावात, लोकांच्या अंगणांतून हिंडताना.

त्या गावात माळवदाची काही घरे अद्याप उभी आहेत. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत पाऊल टाकताच जीव निवतो. शेजारीच कोणी सिमेंटचा स्लॅब टाकला होता. आमच्या एका विद्यार्थिनीस तो पाहून मनस्वी वाईट वाटले. “इतकी सुंदर घरे का पाडतात ही माणसे?” असे ती बोलून गेली. ओट्यावर बसलेल्या म्हातारीने ते ऐकले. “दिसायला चांगलंच हाय माय,” ती म्हणाली, “पण जमीन हादरली की लेकरं घेऊन रातभर अंगणात कोण बसतंय?”

हे बोलणे पोकळ नव्हते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे मेली, आणि त्यांतील पुष्कळ जण अशाच भिंतींखाली व अशाच मातीच्या छपरांखाली गाडली गेली. हिंगोली जिल्ह्यातही 2024 साली, मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये, 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. सौंदर्य आमच्या डोळ्यांना आणि छताचा भार त्यांच्या डोक्यावर, अशी ही वाटणी आहे. आमची रसिकता खोटी नव्हती. पण तिची किंमत दुसऱ्याने द्यावी असे तिचे म्हणणे होते, आणि तेही ती नकळत म्हणत होती.

येथे कोणी जपानचा दाखला देईल. शिराकावा-गो आणि गोकायामा या तेथील डोंगरी खेड्यांत गवताने शाकारलेली, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारख्या उतरत्या छपरांची प्रचंड घरे आहेत; पूर्वी त्यांच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळीत. 1995 साली ही खेडी जागतिक वारशाच्या यादीत आली. आता ताकायामा, कानाझावा यांसारख्या शहरांतून बसगाड्या येतात, आणि लोक एका दिवसात गाव पाहून जातात. तेथे जमले ते येथे का जमू नये?

दाखला चांगला आहे, परंतु तो देणारे बहुधा त्याचा अर्धाच भाग सांगतात. शिराकावाच्या ओगीमाची गावातील रहिवाशांनी 1971 साली आपसांत करार केला की, घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. हा करार पाहुण्यांनी सुचविलेला नव्हता. ज्यांना त्या घरांत हिवाळा काढायचा होता त्यांनीच तो केला. छपर शाकारण्यास सारा गाव लोटतो; या परस्परसाहाय्यास तेथे ‘युई’ म्हणतात. पुढे पाहुण्यांची गर्दी असह्य झाली, तेव्हा हिवाळ्यातील दीपोत्सवास 2019 पासून पूर्वनोंदणीचे बंधन घातले गेले. ‘या’ म्हणणाऱ्याजवळ ‘आता पुरे’ म्हणण्याचीही सत्ता होती.

तरीही आमचे मन पुरते निःशंक होत नाही. 1971 नंतर जन्मलेल्या मुलाने बापाच्या वचनाने कुठवर बांधले जावे? त्याला घर विकून ओसाकास जायचे असेल तर? आपल्याकडील एकत्र कुटुंबांतही हाच पेच होता, आणि तेथेही घराण्याची शोभा सांगणारे बहुधा बाहेरचेच असत. जतन करावयाचे तर ज्याच्या शिरावर ते ओझे आहे त्याची संमती हवी, आणि ती प्रत्येक पिढीस नव्याने विचारली पाहिजे, असे आम्हांस वाटते. पाहुण्याने प्रवेशमूल्य दिले म्हणजे ही संमती विकत मिळाली असे होत नाही. अर्थात पाहुण्यांच्या पैशाने शाकारण्याचा खर्च निघतो हे आम्ही नाकारीत नाही. पुष्कळ जुन्या विद्या अशा पैशावरच तग धरून आहेत.

माळवदावर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणासच हे ठाऊक नव्हते, कारण सहल निघाली होती डिसेंबरात. पुढील खेप मृगाच्या आधी न्यावी आणि घरधनी हो म्हणाला तर मुलांनी चार पाट्या माती वर चढवावी, असे आम्ही ठरविले आहे. त्या विद्यार्थिनीने आपले नाव यादीत पहिले घातले आहे. म्हातारीचा मुलगा मात्र तोवर स्लॅब टाकणार आहे म्हणतो; तसे झाल्यास मुलांनी वाळूच्या पाट्या उचलाव्या.