तहाला जामीन कोण?

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून किल्ल्यावर जायला होडीच लागते. होडीत बसलेल्या शाळकरी पोराला विचारा, मराठ्यांनी हा किल्ला १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला हे तो सांगेल. १७८१च्या जानेवारीत तो जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेच्या हाती गेला आणि पुढच्या वर्षी सालबाईच्या तहानं वसईसह परत आला, हे मात्र गावात फारसं कुणी बोलत नाही. मला तो परत येण्याचा भाग अधिक मोलाचा वाटतो. घेतलेला किल्ला कागदावरच्या शब्दाखातर सोडून देणं, हे लढून घेण्यापेक्षा दुर्मिळ आहे.

ते घडलं कशामुळे? १७ मे १७८२च्या त्या तहात महादजी शिंदे दोन्ही बाजूंना जामीन होते. जो करार मोडेल त्याच्या विरुद्ध, दुसऱ्याच्या बाजूनं महादजींनी उभं राहायचं, असं कलमच होतं. गावात कर्जाच्या कागदावर जामीन राहणाऱ्याची सही असते, तशीच ही सही; फक्त तिच्यामागे फौज होती. शब्द मोडला तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच्या सुमारे चाळीस वर्षं आधी दुसरा मार्ग वापरला गेला होता. पोर्तुगीजांच्या हातून वसई गेल्यावर ते आणि पेशवे यांच्यात ऑक्टोबर १७४०मध्ये तह झाला. चौलचा कोट आणि समोरचा कोर्लई किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. बदल्यात दमणजवळची काही गावं पोर्तुगीजांना द्यायची आणि गोव्यातल्या साष्टीतून मराठी फौज मागे घ्यायची. आधी कोण सोडणार? कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. म्हणून अटी पुऱ्या होईपर्यंत कोर्लई इंग्रजांच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. इंग्रज काही साधुसंत नव्हते, मुंबईच्या व्यापाराची काळजी त्यांना आधी होती. पण तिऱ्हाइताच्या हाती तारण असलं की दोघंही हिशेबानं वागतात.

आज जगात कुठे युद्ध थांबलं की बातमीत ‘आंतरराष्ट्रीय निरीक्षक’ येतात. माझ्या मनात तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहतो: यांच्या हाती तारण काय आहे? आणि जामीन कोण?

आपल्याच शेजारी निरीक्षकांची गोष्ट एकदा निघाली होती. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. दोन ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी घेतलं. त्यांत पुण्या-मुंबईचे तरुण होते, सुधीर फडके होते, आणि त्या मुलखात वारली शेतकऱ्यांची चळवळ आधीपासून पेटलेली होती. तेव्हा पोर्तुगालनं तटस्थ निरीक्षकांची मागणी केली. भारतानं तत्त्व मान्य केलं; पण निरीक्षक कोणते आणि त्यांनी नेमकं काय तपासायचं, यावर गाडी अडली. कुणी आलं नाही. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९६०मध्ये निकाल लागला. काय तपासायचं यावरचा तो वाद मला क्षुल्लक वाटत नाही. ‘आता परिस्थिती काय आहे’ एवढंच पाहायचं ठरवलं, की ‘इथे आधी राज्य कुणाचं आणि कशाच्या जोरावर होतं’ हा प्रश्न पंचनाम्याच्या बाहेर राहतो. वसाहतीच्या झगड्यात तोच तर मुख्य प्रश्न असतो.

निरीक्षक आल्यावर काय होतं, ते जावा बेटावर सात वर्षं आधी दिसलं होतं. २१ जुलै १९४७ला डचांनी इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर फौज घातली आणि तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटलं. ३० जुलैला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. भारताला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा पंधरा दिवस होते, हे आठवलं की आजही मला अभिमान वाटतो. परिषदेनं युद्ध थांबवायला सांगितलं आणि बटाव्हियातल्या सहा देशांच्या वाणिज्यदूतांना परिस्थिती पाहून कळवायला सांगितलं. सोबत लष्करी निरीक्षकही गेले. त्यांनी खरं तेच लिहिलं: शस्त्रसंधी प्रत्यक्षात पाळली जात नाही, आणि डच फौजा आपल्या आघाडीच्या मागे ‘साफसफाई’ चालूच ठेवत आहेत. तपशील चोख होता. पण त्यांच्या हाती ना कोर्लई होता, ना त्यांच्यामागे महादजी.

जानेवारी १९४८मध्ये रेनव्हिल जहाजावर करार झाला आणि प्रजासत्ताकाला डचांनी आखलेली रेषा मान्य करावी लागली. प्रजासत्ताकाचे हजारो सैनिक स्वतःची गावं सोडून मागे गेले. निरीक्षकांनी ती माघार नीट पार पाडली. रेषा मात्र बळानं घेतलेल्या जमिनीवरूनच गेली होती. तिच्यावर पहारा देणं म्हणजे त्या जमिनीवर डचांचा शिक्का पक्का करणंच होतं. वर्ष सरायच्या आत, १९ डिसेंबरला, डचांनी पुन्हा हल्ला करून प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता घेतली आणि अध्यक्ष सुकर्णोंना कैद केलं. बोलणी घडवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे काही लोक तेव्हा जवळच्याच कालिउरांगला मुक्कामाला होते.

फरक पडला तो इंडोनेशियाच्या गनिमी लढ्यानं, आणि तारण सापडल्यावर. जानेवारी १९४९मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद भरवली. अमेरिकेनं डचांना इंडोनेशियासाठी मिळणारी मदत थांबवली, आणि हॉलंडच्या पुनर्बांधणीचा पैसाही अडेल अशी भीती उभी राहिली. सत्तांतर २७ डिसेंबर १९४९ला झालं. निरीक्षकांच्या जुन्या अहवालांना आता वजन आलं, कारण ते वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी होतं.

म्हणून ते कागद वाया गेले असं मी म्हणणार नाही. रावागेडे नावाचं पश्चिम जावातलं गाव माझ्या मनातून जात नाही. रेनव्हिलवर बोलणी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबर १९४७ला, डच सैनिकांनी तिथल्या पुरुषांना ओळीनं उभं करून गोळ्या घातल्या. गावकऱ्यांच्या हिशेबानं मेले ४३१. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं जानेवारीतच लिहून ठेवलं की हे जाणूनबुजून आणि निर्दयपणे केलेलं कृत्य होतं. कुणावर खटला झाला नाही. बायका म्हाताऱ्या झाल्या. २०११च्या सप्टेंबरमध्ये हेगमधल्या डच न्यायालयानं डच सरकारला जबाबदार धरलं, आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूत गावात माफी मागायला आला. ऐकायला त्या विधवांपैकी मोजक्याच उरल्या होत्या.