मीठ निमित्त, लोखंड उपादान

काँक्रीटमधली सळई मिठाने गंजली, तर गंजाचे खरे कारण कोणते: मीठ की लोखंड? वाशीम जिल्ह्यातील धनज परिसरात प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी नांदतात. गाव कारंजा तालुक्यातले. कारंजा लाड हे जैन भट्टारकांचे जुने पीठ आणि हस्तलिखितांचे मोठे भांडार. उत्तरेकडे उतरत गेले की पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा लागतो. तिथल्या अनेक विहिरींचे पाणी पिण्यालाही नको आणि स्लॅबलाही नको.

जैन दर्शनानुसार जे द्रव्य स्वतः कार्यरूपात पालटते ते उपादान. पालटताना जे हजर असते, पण स्वतः कार्य होत नाही, ते निमित्त. घडा होते ती माती, कुंभार नव्हे.

काँक्रीटच्या आतला ओलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा सामू १२.५ च्या आसपास किंवा वर. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि तोच तिला राखतो. मिठातले क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडते. लोखंडाशी त्याचे संयुग बनते, पाण्यात ते विघटन पावते आणि मोकळे झालेले क्लोराइड पुढच्या लोखंडाला भिडते. गंज होतो लोखंडाचा. क्लोराइड बहुतांशी तसेच उरते. निमित्ताचे याहून चपखल उदाहरण जुन्या टीकाकारांनाही सापडले नसते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून सळईच्या रेषेत तडा जातो आणि पोपडे सुटतात.

निमित्त अकिंचित्कर आहे, ते काहीच करत नाही, असे एक टोकाचे मत जैन चर्चेत आढळते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत त्याला अर्धा आधार मिळतो. काँक्रीट कालवायच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा सळई नसेल तर लिटरमागे २००० मिलिग्रॅम, सळई असेल तर ५००. मीठ तेच, उपादान बदलले की धोका बदलतो. मात्र क्लोराइड नसेल तर चांगल्या काँक्रीटमध्ये हीच सळई कित्येक दशके शाबूत राहते, हेही तितकेच खरे. तेव्हा ते मत पूर्ण मान्य करता येत नाही. शिवाय मिठाचे निमित्त एकटे पुरत नाही, प्राणवायूही लागतो. समुद्रात कायम बुडालेल्या खांबापर्यंत प्राणवायू जेमतेम पोचतो, म्हणून तिथे गंज मंद. लाटांचे शिंतोडे उडतात तो भाग आधी खचतो. पणजीचा मांडवी पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला, त्यामागेही खाऱ्या हवेत पोलादी तारांना लागलेला गंज होता.

उरतो जबाबदारीचा प्रश्न. जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात मानले आहे. मिठाला मनोभाव नाही, म्हणून दोषही नाही. पाणी खारे आहे हे ठाऊक असून, तपासणीची सोय असून, तेच पाणी काँक्रीटमध्ये घालणाऱ्याचा प्रमाद मात्र छत पडण्याच्या कितीतरी आधी, पाणी ओतले त्याच दिवशी पुरा होतो.