मासा आणि मासळी

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो वेगळ्या कारणानं: जुन्या मराठीचे काही तुकडे त्यात सापडतात म्हणून. पण राजानं वेळ कसा रमवावा हे सांगताना सोमेश्वरानं एक प्रकरण गळानं मासे धरण्यावर लिहिलं आहे आणि त्याला नाव दिलं आहे ‘मत्स्यविनोद’. कुठला मासा कुठल्या पाण्यात, त्याला चारा कसला, दोरी कशी, हे तो मुरलेल्या गळकऱ्याच्या बारकाव्यानं सांगतो. विनोद म्हणजे इथे अर्थातच रमणूक. आजच्या मराठीत तो शब्द थट्टेपाशी येऊन थांबला आहे, त्यामुळे शीर्षक वाचताना क्षणभर अडखळायला होतं. माशाला विचारलं तर दोन्ही अर्थ त्याला सारखेच वाटतील.

पोटासाठी मासा मारणाऱ्याला कुणी फारसं विचारत नाही, आणि विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर असतं. गंमत म्हणून गळ टाकणाऱ्यापाशी ते नसतं. त्याला मासा खायचा नसतो, विकायचा नसतो. त्याला हवी असते ती दोरीला बसणारी ओढ, म्हणजे नेमकी ती गोष्ट जी माशाच्या बाजूनं पाहिली तर जिवाची धडपड असते. आणि तरीही गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जगाच्या कितीतरी किनाऱ्यांवर ‘मासा संपत चाललाय हो’ अशी हाकाटी पहिल्यांदा याच हौशी मंडळींनी केली आहे. ज्याला छळायचं त्यालाच राखायचं, ही ढोंगबाजी आहे का? बरेच जण तसं म्हणून मोकळे होतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो, कारण त्याची कागदपत्रं चांगली आहेत.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास नावाचा मासा आहे. राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो, आपल्या इलिशसारखा. या माशाच्या मागे 1864 साली न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंक या चिमुकल्या बेटावर क्लब काढला. खडकांवरून थेट लाटांच्या वर लाकडी पूल बांधले, त्यांच्या टोकाशी बसायच्या जागा केल्या. सभासदांच्या दिमतीला स्थानिक माणसं असत. त्यांचं काम पाण्यात चारा फेकून मासे जवळ बोलावणं आणि गळाला आमिष लावणं. आमिष कसलं, तर शेवंडीच्या शेपटीचं. आज जो पदार्थ महागड्या हॉटेलात ताटात येतो तो तेव्हा समुद्रात फेकला जात होता. मला या क्लबात रस आहे तो त्याच्या वहीमुळे. कोणी, कधी, किती मासे धरले याची नोंद ही मंडळी नेमानं ठेवत. शतक संपता संपता मासे रोडावले, खडकांवरच्या जागा रिकाम्या पडू लागल्या, पुढे क्लबही गेला. वही मात्र राहिली. डॅनियल मेरिमन या शास्त्रज्ञानं 1941 साली या माशावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या काळात मासा किती होता हे कळायला त्याला अशा क्लबांच्या वह्यांचा आधार घ्यावा लागला. शिकारीचा हिशेब पुढे साक्षीपुरावा झाला. लिहिणाऱ्यांनी तो बढाईसाठी लिहिला होता, हे खरंच आहे. पण बढाईसाठी का होईना, त्यांनी मोजलं.

मासा पुढे परत आला आणि परत गेला. व्यापारी पकडीनं 1973 साली उच्चांक गाठला आणि पुढच्या दहा वर्षांत ती जेमतेम पाव हिश्श्यावर आली. गळवाले ओरडू लागले, सभा भरल्या, खासदारांना पत्रं गेली. 1984 साली अमेरिकी संसदेनं या एका माशासाठी कायदा केला. चेसापीक उपसागर म्हणजे त्याचं मोठं बाळंतघर. तिथल्या मेरीलँड राज्यानं 1985 पासून पाच वर्षं हा मासा धरण्यावर संपूर्ण बंदी घातली, जाळ्यालाही आणि गळालाही. 1995 साली साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. मत्स्यव्यवस्थापनाच्या इतिहासात असे आनंदाचे प्रसंग फार थोडे आहेत, आणि यातला मोठा वाटा ज्यांना तो मासा खेळायला हवा होता त्यांचा आहे.

इथे मराठी भाषा एक उपयोगी भेद हाती देते. आपल्याकडे मासा वेगळा आणि मासळी वेगळी. मासा एक असतो, त्याला डोळा असतो, तो तडफडतो. मासळी बाजारात येते, महाग होते, यंदा कमी मिळते. ‘मासळीचा दुष्काळ’ म्हणतात, ‘माशांचा दुष्काळ’ कोणी म्हणत नाही. क्लबांनी जे वाचवलं ते मासळी. माशाचं त्यांनी काय केलं हा प्रश्न तसाच राहतो.

युरोपातल्या काही देशांनी नेमका तोच प्रश्न पकडला. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा सांगतो की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येणार नाहीत. खाण्यासाठी मासा धरणं हे सबळ कारण. धरून, फोटो काढून सोडून देणं हे कारण नव्हे. स्वित्झर्लंडनंही सोडून देण्याच्या इराद्यानं मासे धरायला मनाई केली. मासा लहान भरला किंवा नियमात बसला नाही तर सोडा, पण सोडायचंच ठरवून गळ टाकू नका. अटलांटिकच्या पलीकडे जे पुण्य, ते अलीकडे अपराध. अमेरिकी गळकरी अभिमानानं म्हणतो, मी एकही मासा घरी नेत नाही. जर्मन अधिकारी विचारेल, मग धरलास कशाला? दोघांचंही बरोबर आहे, कारण एक मासळीबद्दल बोलतो आहे आणि दुसरा माशाबद्दल. माशाला दुखतं का, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेता असल्याचं दाखवून दिल्यापासून ‘त्याला काही कळत नाही’ हे वाक्य पूर्वीच्या बेफिकिरीनं उच्चारता येत नाही.

पुढे तर हा भेदही पुरेसा टिकत नाही. पट्टेरी बासच्या बाबतीत शास्त्रज्ञ असं धरून चालतात की सोडून दिलेल्या शंभर माशांपैकी सरासरी नऊ नंतर मरतात. कोणी दमून, कोणी गळ आत रुतल्यामुळे, कोणी उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू न पुरल्यामुळे. नऊ हा आकडा लहान दिसतो. पण वर्षाला कोट्यवधी मासे धरून सोडले जात असतील तर? 2017 साली सोडल्यानंतर मेलेल्या माशांची संख्या हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांपेक्षा जास्त भरली. 2019 च्या पाहणीनं साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचं सांगितलं. ज्यांनी एकही मासा मारला नाही, त्या सर्वांनी मिळून लाखो मारले होते.

यात दोषी कोण? एकेकाला विचारलं तर प्रत्येकानं आपला मासा शेपटी हलवत खोल पाण्यात जाताना पाहिलेला असतो. त्याच्या मनात मारणं नव्हतं. जैन विचारात अशा जागी एक नेमका शब्द आहे, प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच तो बसवला आहे: प्रमादातून घडणारा प्राणघात ती हिंसा. गळकऱ्याला लावायची ती हीच कसोटी, असं मला वाटतं. नऊचा आकडा ठाऊक नव्हता तोवर त्याचं समाधान निष्पाप म्हणता येईल. आकडा कळल्यावर दिवसाला चाळीस मासे धरून सोडणं आणि तरी ‘मी मारत नाही’ म्हणणं हा प्रमाद. तिथल्या व्यवस्थापकांनी आमिषासह सर्कल हूक सक्तीचे केले, म्हणजे गळ आतड्यात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकावा. चांगली सुधारणा आहे. मात्र चाळीस मासे कशाला, हा प्रश्न गळाचा आकार बदलून सुटत नाही.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. मासळी राखली म्हणून हौशी माणूस तिचा मालक असल्यासारखा बोलू लागतो. न्यू जर्सी, कनेक्टिकट अशा काही राज्यांत हा मासा ‘खेळाचा मासा’ ठरवून त्याची व्यापारी मासेमारी बंद केली गेली. कारण दिलं जातं संरक्षणाचं. पण आज या माशाचा जो नाश होतो त्यातला मोठा हिस्सा गळाकडून होतो, जाळ्याकडून नव्हे. म्हणजे पोटासाठी धरणाऱ्याला बाहेर काढायचं, गंमत म्हणून धरणाऱ्यानं आत राहायचं आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं. सोमेश्वराचं बरं होतं. तो राजा होता, त्यानं विनोदाला विनोदच म्हटलं.

आपल्या किनाऱ्यावर हौशी गळाची गोष्ट अजून लहान आहे, पण वाढते आहे. कोकणात गळानं मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात आणि गळाला गरी. खडकावर बसून संध्याकाळच्या कालवणापुरतं गरवणं हे जुनंच. आता त्याच खडकावर शहरातून आलेली, भारी दांडी आणि चकचकीत खोटं आमिष घेतलेली पोरं दिसतात. त्यातली बरीच धरून सोडणारी आहेत. लहान मासा सोडावा हा शहाणपणा आपल्याकडेही मुरलेला आहे, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच आहे. महाराष्ट्र सरकारनं 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. ज्या पापलेटनं एकदाही अंडी घातली नाहीत ते बाजारात येऊ नये, हा हेतू.

पण रायगडच्या खाड्यांतला जिताडा घ्या. हा मासा आधी नर असतो आणि वाढता वाढता काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे लहान तेवढे सोडून मोठा तेवढा उचलणारा माणूस, मनात पूर्ण सद्भावना ठेवून, खाडीतल्या माद्याच वेचून काढतो. फोटोसाठी हवा असतो तो मोठाच, आणि पाहुण्यांना वाढायलाही मोठाच. दया इथे कामाची नाही, माहिती कामाची आहे. लहानाला जीवदान देण्याची भावना माणसाच्या लेकरावरून सुचलेली आहे, जिताड्यावरून नव्हे. अटलांटिकवाल्यांनी हे ओळखून वरची मर्यादाही घातली. अमुक लांबीच्या आतला सोडा आणि अमुक लांबीच्या पुढचाही सोडा. मोठी मादी कितीतरी पट अंडी घालते.

बंदीची कल्पना आपल्याला नवी नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा, उपोसथ असे ठरावीक दिवस सांगून त्या दिवशी मासा मारू नये आणि विकूही नये असं म्हटलं आहे. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात न घालण्याचा रिवाज होता, आणि महाराष्ट्रात आज 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. या सगळ्यांत एक सोय आहे: बंदी पाळली की नाही ते डोळ्यांना दिसतं. होडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते किंवा नसते. मासा टोपलीत असतो किंवा नसतो. खडकावरचा गरी टाकणारा मात्र या बंदीत येतच नाही.

मेरीलँडनं अलीकडे जुलैच्या उत्तरार्धात, पाणी सर्वांत तापलेलं असतं तेव्हा, एक वेगळीच बंदी घातली. त्या दिवसांत पट्टेरी बास घरी न्यायचा नाही, एवढंच नव्हे, तर त्याच्यासाठी गळही टाकायचा नाही. सोडून देण्यासाठीसुद्धा नाही. खेळावरच बंदी. मासा आणि मासळी या दोघांचाही विचार एकदम करणारा मला माहीत असलेला हा दुर्मीळ नियम. अंमलबजावणी करणाऱ्यांची तक्रार अशी की तो राबवता येत नाही. कारण त्याच पाण्यात दुसरे मासे असतात, त्यांना मुभा आहे, आणि गळ तोच, आमिषही तेच. अधिकारी बोट जवळ घेऊन विचारतो, कशासाठी टाकलाय? माणूस सांगतो, दुसऱ्या माशासाठी. दोरी पाण्यात गेलेली असते, आणि खाली तिच्याकडे काय येतंय ते दोघांनाही दिसत नसतं.